कौटुंबिक कायद्यातील पॅरालीगल : काम काय, मर्यादा कोठे, वाट कोणती

पोटगीची मोठी रक्कम किंवा एखाद्या नामवंताचा घटस्फोट बातम्यांत आला की चर्चा न्यायाधीश, वकील आणि पक्षकार यांच्याभोवती फिरते. त्या निकालापर्यंत पोचलेली फाइल मात्र पुष्कळदा यांच्यापैकी कोणीच लावलेली नसते. कागद गोळा करणारी, तारखा सांभाळणारी, पक्षकाराची हकिकत ऐकून ती वकिलाला वापरता येईल अशा क्रमाने मांडणारी एक व्यक्ती मागे काम करत असते. अलीकडे अनेक संस्था याच कामाचे अभ्यासक्रम ‘पॅरालीगल’ या नावाने विकू लागल्या आहेत. बारावी झालेल्या मुली, मुले मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या स्त्रिया आणि सामाजिक कामात असलेले कार्यकर्ते एकच प्रश्न विचारतात : आपल्याकडे असा पेशा खरोखर आहे का, आणि असल्यास त्यात उभे कसे राहायचे? महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालये समोर ठेवून या प्रश्नाचे उत्तर येथे दिले आहे.

पॅरालीगल म्हणजे कोण?

वकील नसलेली, परंतु वकिलाच्या किंवा विधी सेवा संस्थेच्या देखरेखीखाली कायद्याशी संबंधित काम करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे पॅरालीगल. भारतात या पेशासाठी वेगळी सनद नाही, परवाना नाही आणि सक्तीची परीक्षाही नाही. त्यामुळे ‘आमचा अभ्यासक्रम केला की सरकारमान्य पॅरालीगल व्हाल’ असे कोणी सांगत असेल, तर तेथेच थांबावे. प्रमाणपत्र मिळेल, कदाचित ज्ञानही मिळेल, पण न्यायालयात उभे राहण्याचा कोणताही अधिकार त्यातून मिळत नाही.

प्रत्यक्षात हे काम तीन रूपांत आढळते. पहिले रूप वकिलाच्या कार्यालयातील साहाय्यकाचे. दुसरे मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाचे, आणि तिसरे स्त्रियांच्या व मुलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील कार्यकर्त्याचे. तिन्हींमध्ये मोबदला वेगळा आणि जबाबदारी वेगळी आहे, पण लागणारी कौशल्ये जवळपास तीच आहेत.

कौटुंबिक न्यायालयातच या माणसाची इतकी गरज का?

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ साली झाला. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत अशी न्यायालये स्थापन करणे या कायद्याने राज्यांवर बंधनकारक केले. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, पालकत्व, पतिपत्नींमधील मालमत्तेचा वाद असे विषय येथे चालतात. शक्य असेल तेथे तडजोडीचा प्रयत्न करणे हे या न्यायालयाचे कर्तव्यच ठरवलेले आहे, आणि म्हणून येथे विवाह समुपदेशकही असतात.

या कायद्याचे कलम १३ सामान्य वाचकाला बहुधा ठाऊक नसते. त्यानुसार कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात परवानगीचा अर्ज दिला जातो आणि वकील उभे राहतात, ही गोष्ट खरी. तरीही कायद्याची मूळ कल्पना अशी की पक्षकाराने स्वतः येऊन आपली बाजू मांडावी. ज्या बाईने आयुष्यात कधी प्रतिज्ञापत्र पाहिलेले नाही, तिच्याकडून ही अपेक्षा करायची असेल, तर तिच्याशेजारी बसून कागद समजावणारे कोणीतरी हवेच.

गुंतागुंत एवढ्यावर संपत नाही. एकाच घरातील वाद अनेकदा दोन-तीन न्यायालयांत विभागला जातो. घटस्फोटाची याचिका कौटुंबिक न्यायालयात, आणि जेथे ते नाही तेथे दिवाणी न्यायालयात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आणि छळाची फौजदारी तक्रार असेल तर तिचा खटला आणखी वेगळा. एका न्यायालयात दिलेल्या म्हणण्याशी दुसरीकडच्या प्रतिज्ञापत्राचा मेळ बसला नाही, तर उलटतपासणीत तीच विसंगती पुढे येते. या सर्व फाइली एकत्र ठेवून वाचणारी व्यक्ती वकिलाला फार मोलाची वाटते.

कामाचा गाभा : कागदांची पिशवी

पक्षकार बाई पहिल्यांदा येते तेव्हा तिच्या हातात बहुधा एक पिशवी असते. लग्नपत्रिका, दोन-चार फोटो, मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच, बँकेचे पासबुक, शाळेच्या फीच्या पावत्या असे सगळे तीत एकत्र असते. साहाय्यकाचे पहिले काम म्हणजे मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळे करणे, सर्व कागद तारखेप्रमाणे लावणे आणि त्यांची यादी करणे. मग नावे तपासायची. आधार कार्डावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे आणि शाळेच्या दाखल्यावर आणखी वेगळेच, हा प्रकार आपल्याकडे नित्याचा आहे. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे आधीच वकिलाच्या नजरेस आणून दिले नाही, तर पुढे कोठे तरी काम हमखास अडते.

त्यानंतर हकिकत ऐकायची. माणसे आपल्या आयुष्यातील घटना तारखांनी लक्षात ठेवत नाहीत. ‘गौरी-गणपतीच्या आधी त्यांनी मला घराबाहेर काढलं’, ‘थोरलीच्या बारशानंतर पैशांवरून सुरू झालं’ अशा खुणांनी त्या सांगितल्या जातात. या खुणांवरून साल-महिना शोधून काढणे, त्याला आधार देणारा कागद पिशवीत आहे का ते पाहणे, आणि नसेल तर तसे स्पष्ट लिहून ठेवणे हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे शिकवले जात नाही. सांगणारी रडत असताना तिला थांबवायचे नाही आणि तरीही तारीख सुटू द्यायची नाही, हे सवयीनेच जमते.

पोटगीच्या प्रकरणात या कामाला २०२० पासून एक निश्चित आकार आला आहे. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालानुसार पती आणि पत्नी दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचे असते. शेती करणाऱ्यांसाठी नमुना निराळा आहे. हे प्रतिज्ञापत्र म्हणजे खरे तर त्या घराचा पूर्ण आर्थिक पंचनामा असतो : पगारपत्रक, बँकेची विवरणे, प्राप्तिकर विवरणपत्र, कर्जाचे हप्ते, दागिने, विमा, घरभाडे, औषधे. शेतकरी कुटुंब असेल तर सातबारा आणि आठ-अ चे उतारे लागतात. नमुन्यातील रकाना रिकामा ठेवणे आणि ‘लागू नाही’ असे लिहिणे यांत फरक आहे. खर्च फुगवून लिहावेत असे सुचवणारे हितचिंतकही भेटतात. पावतीने सिद्ध न होणारी रक्कम लिहिली, तर त्याच पक्षकाराची उरलेली खरी माहितीही संशयास्पद ठरते. म्हणून चांगला साहाय्यक आकडा लिहिण्याआधी पावती मागतो.

आता पुरावा मोबाइलमध्येही असतो. व्हॉट्सअॅपवरील संदेशांच्या स्क्रीनशॉटची नुसती छापील प्रत दिली म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यामुळे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगावे लागते की फोन बदलू नका, विकू नका आणि संभाषण पुसू नका.

तारीख चुकली तर काय होते?

न्यायालयातील ‘तारीख पे तारीख’ हा लोकांच्या चेष्टेचा विषय असला, तरी कौटुंबिक प्रकरणांत काही मुदती अशा आहेत की त्या चुकल्यास माणसाच्या हातातील पैसा जातो. पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पोटगीचा आदेश झाला आणि नवऱ्याने रक्कम दिली नाही, तर वसुलीसाठी वॉरंट काढता येते, पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला असेल तरच. पुष्कळ बायका ‘देईल कधी तरी’ म्हणून वाट पाहतात. दोन वर्षे थांबून अर्ज केला, तर त्यातील आधीच्या वर्षाची रक्कम या मार्गाने वसूल करणे अवघड होऊन बसते. ज्या कार्यालयात पोटगीच्या प्रत्येक आदेशापुढे हा एक वर्षाचा हिशेब लिहिलेला असतो, तेथे असे सहसा होत नाही. माझ्या मते साहाय्यकाने पहिल्या महिन्यात शिकावी अशी एकच गोष्ट निवडायची असेल, तर ती ही नोंदवही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचे असते. सहा महिन्यांची ही अट योग्य प्रकरणी न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. तसा अर्ज करायचा की नाही, हे मात्र वकिलाने ठरवायचे.

माहिती आणि सल्ला यांच्यातील रेषा

या पेशात सर्वांत जपून वागावे लागते ते येथे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क केवळ सनदधारक अधिवक्त्यांना आहे. हक्क नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्यास कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. मग साहाय्यकाने पक्षकाराशी बोलायचे तरी काय?

एसटी स्थानकातील चौकशीच्या खिडकीचे उदाहरण घेऊ. कोणती गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावरून सुटते आणि तिकीट किती, हे ती खिडकी सांगते. प्रवाशाने गावाला जावे की जाऊ नये, हे सांगत नाही. तसेच, पोटगीच्या अर्जाला कोणते कागद लागतात, पुढची तारीख कधी आहे, समन्स बजावले गेले की परत आले, प्रमाणित नक्कल कोठे मिळते, ही माहिती आहे. ‘तुम्ही घटस्फोट मागा’, ‘तडजोडीतली ही रक्कम स्वीकारा’, ‘मुलाचा ताबा तुम्हालाच मिळेल’ हा सल्ला आहे, आणि तो देण्याचा अधिकार साहाय्यकाला नाही.

ही रेषा कधी कधी दिसते त्यापेक्षा बारीक असते. अपिलाची मुदत विचारली, तर ती साधी माहिती वाटते. परंतु कुटुंब न्यायालय अधिनियमात अपिलासाठी ३० दिवस दिले आहेत आणि हिंदू विवाह अधिनियमात ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये हिंदू विवाह अधिनियमाखालील निर्णयांना ९० दिवसांची मुदत लागू असल्याचे म्हटले. समोरचा निर्णय नेमका कोणत्या कायद्याखालचा, हे ठरवणे हा कायद्याचा अर्थ लावण्याचाच भाग आहे. अशा वेळी साहाय्यकाने दोन्ही दिनांक टिपून तीसाव्या दिवसाच्या पुष्कळ आधी फाइल वकिलापुढे ठेवावी आणि पक्षकाराला स्वतः उत्तर देऊ नये.

ही शेवटी दलालीच नाही का?

हा आक्षेप मनाला लागणारा आहे, पण निराधार नाही. न्यायालयांच्या आवारात पक्षकारांना गाठून ‘लवकर काम करून देतो’ म्हणत पैसे घेणारी माणसे असतात. दलाल आणि पॅरालीगल यांच्यातील फरक ओळखण्याची माझी कसोटी सरळ आहे : जी माहिती लोकांना फुकट मिळायला हवी, ती हा माणूस उघड करतो की दडवतो? महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. ज्याने या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत सांगितल्या, त्याला दलाल म्हणता येणार नाही.

घरे मोडण्याच्या कामात पडावेच का?

अनेक घरांतून मुलींना हा प्रश्न विचारला जातो. फाइल उघडते तेव्हा घर बहुधा आधीच मोडलेले असते. उरलेल्या गोष्टी नीट वाटल्या जाव्यात, मुलाची शाळा सुटू नये, आजीला नातवाला भेटता यावे, एवढ्यासाठी न्यायालयात भांडावे लागते. नीट लिहिलेला तडजोडीचा मसुदा पुढची कित्येक वर्षे भांडण टाळतो. त्यात ‘मुलाला वडिलांना भेटू द्यावे’ एवढेच मोघम लिहिले, तर दर दिवाळीच्या सुट्टीत वाद ठरलेला. कोणत्या शनिवारी, किती वाजता, मुलाला कोणी आणायचे आणि कोणी सोडायचे, आजारी असेल तर काय, असे प्रश्न मसुदा वकिलाकडे जाण्याआधी दोन्ही बाजूंकडून विचारून घेणे हे साहाय्यकाचे काम आहे.

या कामाचा मनावर ताण येतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. गुप्ततेचे बंधनही कडक आहे. वकील आणि पक्षकार यांच्यातील संभाषणाला कायद्याने जे संरक्षण दिले आहे, त्याची बंधने वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. लहान शहरात दोन्ही पक्ष ओळखीचे असतात, लग्नसमारंभात भेटतात आणि सहज विचारल्यासारखे विचारतात. तेथे गप्प बसता आले पाहिजे.

संगणक हे काम घेणार नाही का?

काही भाग नक्कीच घेईल, आणि घेतलेलाही आहे. प्रकरणाची पुढची तारीख, रोजनामा (त्या त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) आणि आदेश आता प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्‌सच्या अॅपवर घरबसल्या दिसतात. पूर्वी यासाठी कारकुनाला कोर्टात खेप घालावी लागे. ई-फायलिंगमुळे स्कॅन करणे, पृष्ठांकन करणे आणि अर्ज भरणे अशी नवी कामे आली आहेत. जो साहाय्यक केवळ तारीख विचारून येण्यापुरता होता, त्याची गरज कमी झाली. पिशवीतील कागदांतून हकिकत उभी करणाऱ्याची गरज कमी झालेली नाही, कारण ती हकिकत सांगणाऱ्या बाईला आधी समोरच्यावर विश्वास बसावा लागतो.

शिक्षण, मोबदला आणि वाटा

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिस ही पदविका बारावीनंतर करता येते. कायद्याची तोंडओळख म्हणून ती उपयोगी आहे. मात्र वकील नेमणूक करताना पदविकेपेक्षा शुद्ध मराठी टंकलेखन, इंग्रजी आदेश वाचून समजण्याची क्षमता आणि नीटनेटकेपणा यांना अधिक वजन देतात, आणि ते योग्यच आहे. तालुक्याच्या न्यायालयांत काम मराठीत चालते, तर उच्च न्यायालयात इंग्रजीत. दोन्ही भाषांत लिहिता येणाऱ्या साहाय्यकाला मागणी राहते.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. शक्यतो दहावीपर्यंत शिक्षण झालेल्या, लोकांत मिसळणाऱ्या व्यक्तींची जिल्हा प्राधिकरण निवड करते, त्यांना प्रशिक्षण देते आणि कामाच्या दिवसांचे मानधन देते. ही नोकरी नव्हे आणि त्यावर घर चालणार नाही. नोकरीची आशा दाखवून कोणी या निवडीसाठी पैसे मागत असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. परंतु न्यायालयाचे कामकाज आतून पाहण्याची एवढी चांगली संधी दुसरीकडे मिळणे कठीण.

संस्थांच्या वाटेने जायचे असेल, तर समाजकार्याची पदवी अधिक उपयोगी पडते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसह १९८४ मध्ये सुरू केलेला स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष हा या वाटेचा जुना नमुना. न्यायालयातील विवाह समुपदेशकाची वाटही समाजकार्याच्या शिक्षणातूनच जाते.

गोव्यात काम करू इच्छिणाऱ्यांनी वेगळी तयारी करावी. तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा कुटुंबविषयक बाबींत सर्व धर्मीयांना लागू आहे, लग्नाची नागरी नोंदणी आवश्यक आहे, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत असल्याने त्या वाचता येणारा साहाय्यक तेथे दुर्मीळ आहे.

परदेशात हा पेशा अधिक बांधीव असला, तरी तो स्थिर आहे असे समजू नये. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये वकील नसलेल्यांना कौटुंबिक कायद्यापुरता मर्यादित परवाना देण्याचा नियम केला आणि २०२० मध्ये ती योजना नव्यांसाठी बंद करण्याचे ठरवले. तेथे स्थायिक होऊन हे काम करू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याचा चालू नियम आधी पाहावा.

पुढे वकीलच व्हायचे असेल, तर साहाय्यकाचा अनुभव फार कामी येतो. पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करून सनद घेता येते. दूरस्थ पद्धतीने घेतलेली विधी पदवी वकिलीसाठी चालत नाही, म्हणून नोकरी आणि महाविद्यालयाच्या वेळा यांचा मेळ बसवून मगच प्रवेश घ्यावा. सनद मिळाल्यावर वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवता येत नाही, त्यामुळे ज्या वकिलाकडे साहाय्यक होता, त्यांच्याशी असलेले नाते नव्याने ठरवावे लागते. ज्यांना ते नको असेल, त्यांनी साहाय्यक म्हणूनच पोटगी, मुलांचा ताबा किंवा पोटगीच्या वसुलीची दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीसाठीचा अर्ज) यांपैकी एका विषयात हात बसवावा. वसुलीच्या दरखास्ती चिकाटीने चालवणारी माणसे कमी आहेत, आणि आदेश हातात असून पैसे न मिळालेल्या बायका पुष्कळ आहेत.